पाण्यातलं फ्लोराइड मोजणारा स्फटिक: लँथेनम फ्लोराइड नेमकं काम कसं करतं?

हापशाचं पाणी. दिसायला काचेसारखं स्वच्छ. वास नाही, चवीत काही वेगळं नाही. ते गाळलं, उकळलं, त्यात क्लोरीन टाकलं. तरीही वर्षानुवर्षं तेच पाणी पिणाऱ्या मुलांच्या दातांवर पांढरे, पिवळे, पुढे तपकिरी पट्टे उमटतात आणि मोठ्या माणसांची कंबर, मान, गुडघे आखडायला लागतात. गावात याला ‘पाणी बाधलं’ म्हणतात. डॉक्टरी भाषेत याचं नाव फ्लोरोसिस.

कारण असतं पाण्यात विरघळलेलं जास्तीचं फ्लोराइड. ते डोळ्यांना दिसत नाही आणि जिभेला कळत नाही. उकळून तर उलट वाढतं, कारण पाण्याची वाफ होते आणि फ्लोराइड भांड्यातच राहतं. म्हणजे ते आहे की नाही, आणि असलं तर किती, हे कळायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे मोजणं.

आणि हे मोजायचं काम जगभरातल्या प्रयोगशाळांमध्ये करतो एक छोटासा, रंगहीन स्फटिक. त्याचं नाव लँथेनम फ्लोराइड.

आधी प्रमाणाचा अंदाज घेऊ

भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच उपलब्ध नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही १.५ मिलिग्रॅमच आहे.

हे किती झालं? गच्चीवरची १००० लिटरची टाकी डोळ्यासमोर आणा. ती भरलेली असताना त्यात एकूण १ ग्रॅम फ्लोराइड असेल तर पाणी ठीक. दीड ग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी पिण्यालायक नाही. मधलं अंतर अर्ध्या ग्रॅमचं, अख्ख्या टाकीत!

गंमत अशी की थोडं फ्लोराइड दातांसाठी चांगलं असतं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स शहरात १९४५ साली दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात मुद्दाम फ्लोराइड मिसळायला सुरुवात झाली. आज तिथे शिफारस केलेलं प्रमाण लिटरमागे ०.७ मिलिग्रॅम आहे. म्हणजे ०.७ ला औषध, आणि दुपटीच्या थोडं पुढे गेलं की त्रास. एवढ्या अरुंद पट्ट्यात काम करायचं तर मोजमाप अंदाजपंचे करून चालत नाही.

लँथेनम म्हणजे काय?

लँथेनम हा एक मऊ, चांदीसारखा धातू. १८३९ साली स्वीडनचे रसायनशास्त्रज्ञ कार्ल गुस्ताफ मोसांडर यांनी तो शोधला. सेरियम नावाच्या दुसऱ्या मूलद्रव्याच्या संयुगात तो दडून बसला होता, म्हणून ‘लपून राहणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला लँथेनम नाव मिळालं.

तो ‘रेअर अर्थ’ म्हणजे दुर्मिळ मृदा मूलद्रव्यांच्या कुटुंबातला. या नावावर फार विश्वास ठेवू नका. पृथ्वीच्या कवचात लँथेनम शिशापेक्षा जास्त आहे. अडचण अशी की ही सगळी भावंडं रासायनिकदृष्ट्या एकमेकांसारखी असतात, एकाच खनिजात मिसळून सापडतात आणि त्यांना वेगळं करणं हे किचकट, खर्चिक काम असतं. भारतात केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत मोनाझाइट नावाचं खनिज आहे, त्यात लँथेनम असतं.

लँथेनमचा एक अणू तीन फ्लोरिन अणूंशी जोडला की तयार होतं लँथेनम फ्लोराइड. निसर्गात ते शुद्ध रूपात जवळपास मिळत नाही, त्यामुळे कामाचा स्फटिक कारखान्यात वाढवावा लागतो. साधारण १४९३ अंश सेल्सिअसला ते वितळतं. वितळलेला रस हळूहळू, अगदी सावकाश थंड करत एकसंध स्फटिक मिळवतात. यात सगळ्यात मोठा शत्रू ओलावा. इतक्या तापमानाला हवेतली जराशी वाफ जरी आत शिरली तरी ऑक्सिजन स्फटिकात घुसतो आणि पारदर्शक स्फटिकाऐवजी दुधाळ, धुरकट तुकडा हाती येतो. म्हणून ही भट्टी निर्वात ठेवतात किंवा तिच्यात फ्लोरिनयुक्त वायू भरतात.

तयार झालेला स्फटिक काचेसारखा दिसतो, पण हातात घेतला तर जड लागतो. त्याची घनता पाण्याच्या जवळपास सहापट आहे. पाण्यात तो विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. पुढे हे महत्त्वाचं ठरणार आहे.

एसटीतली रिकामी सीट

आता या स्फटिकाचा सगळ्यात खास गुण.

आपल्याला माहीत असलेल्या बहुतेक घन पदार्थांतून वीज वाहते ती इलेक्ट्रॉनमुळे. तांब्याची तार घ्या. तांब्याचे अणू जागच्या जागी असतात, इलेक्ट्रॉन धावतात. लँथेनम फ्लोराइडमध्ये इलेक्ट्रॉनला वाटच नाही. इथे चक्क फ्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले फ्लोरिनचे अणू, घन स्फटिकातून सरकतात. लँथेनम मात्र आपल्या जागेवर ठाम.

घट्ट भरलेल्या घन पदार्थात कोणी चालेल कसं? खचाखच भरलेली एसटी डोळ्यासमोर आणा. सगळ्या सीट भरल्या आहेत आणि मधली एकच रिकामी झाली. शेजारचा त्या सीटवर सरकतो. मग त्याची जागा रिकामी होते, तिथे मागचा सरकतो. प्रत्येक जण एकच सीट सरकतो, पण रिकामी जागा गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. लँथेनम फ्लोराइडमध्ये अगदी हेच घडतं.

शुद्ध स्फटिकात अशा रिकाम्या जागा मोजक्याच असतात. त्या वाढवण्यासाठी एक युक्ती केली जाते. स्फटिक वाढवताना त्यात थोडं युरोपियम मिसळतात. लँथेनम सोबत तीन फ्लोराइड घेऊन येतं, तर या रूपातलं युरोपियम दोनच आणतं. त्यामुळे जिथे जिथे युरोपियम बसतं, तिथे एक फ्लोराइडची सीट कायमची रिकामी राहते. रिकाम्या जागा वाढल्या की प्रवास सोपा होतो.

ही सीट मिळते मात्र फक्त फ्लोराइडला. क्लोराइड आकाराने मोठं, ते बसत नाही. नायट्रेट, सल्फेट यांचा तर प्रश्नच नाही. एकच भामटा अधूनमधून घुसू शकतो, तो म्हणजे हायड्रॉक्साइड आयन. त्याचा आकार आणि भार फ्लोराइडशी मिळताजुळता आहे. त्याच्याकडे नंतर येऊ.

१९६६: दोन शास्त्रज्ञ आणि एक प्लास्टिकची नळी

फ्लोराइड मोजायच्या आधीच्या पद्धती रंगावर चालायच्या. झिर्कोनियम आणि एका रंगद्रव्याचं लाल मिश्रण पाण्यात टाकायचं. फ्लोराइड त्यातलं झिर्कोनियम ओढून घेतं आणि रंग फिका पडतो. किती फिका पडला त्यावरून फ्लोराइड किती ते ठरवायचं. ही पद्धत आजही वापरात आहे, गावपातळीवरच्या तपासणी किटमध्येही साधारण हेच तत्त्व असतं. पण पाणी गढूळ असलं, त्यात लोह किंवा अॅल्युमिनियम असलं, की रंग फसवतो. नेमका आकडा हवा तर आधी पाण्याचं ऊर्ध्वपातन करून फ्लोराइड वेगळं काढावं लागायचं. वेळखाऊ काम.

१९६६ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ओरायन रिसर्च या कंपनीचे मार्टिन फ्रँट आणि जेम्स रॉस यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा लेख प्रसिद्ध केला. युरोपियम मिसळलेल्या लँथेनम फ्लोराइडच्या स्फटिकाची चकती नळीच्या टोकाला बसवून त्यांनी फ्लोराइड मोजणारा इलेक्ट्रोड तयार केला होता. रचना इतकी साधी की आज जवळपास साठ वर्षांनीही ती मुळात बदललेली नाही.

नळीच्या आत फ्लोराइडचं ठराविक प्रमाण असलेलं द्रावण आणि एक चांदीची तार. बाहेर तपासायचं पाणी. दोघांच्या मध्ये भिंत म्हणून स्फटिकाची चकती. आतल्या आणि बाहेरच्या फ्लोराइडच्या प्रमाणात फरक असला की स्फटिकाच्या दोन्ही बाजूंमध्ये सूक्ष्म विद्युतदाब तयार होतो. शेजारी दुसरा एक संदर्भ इलेक्ट्रोड ठेवून हा दाब मिलिव्होल्टमध्ये वाचायचा. बस्स! शाळेत किंवा कॉलेजात पीएच मीटर पाहिला असेल तर हा त्याचाच भाऊ. तिथे काचेचा फुगा हायड्रोजन आयन ओळखतो, इथे स्फटिक फ्लोराइड ओळखतो.

आकड्यांत सांगायचं तर २५ अंश तापमानाला फ्लोराइड दहापट वाढलं की दाबात सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. म्हणजे १ मिलिग्रॅमचं पाणी आणि दीड मिलिग्रॅमचं पाणी यांच्यात फरक साधारण १० मिलिव्होल्टचा. आधुनिक मीटर मिलिव्होल्टच्या दहाव्या भागापर्यंत वाचतो, त्यामुळे हे दोन्ही स्पष्ट वेगळे कळतात. अर्थात, १ मिलिव्होल्टची चूक म्हणजे उत्तरात सुमारे ४ टक्क्यांची चूक. म्हणूनच मोजणी सुरू करण्याआधी माहीत असलेल्या प्रमाणाच्या द्रावणांवर मीटर जुळवून घ्यावा लागतो. ती द्रावणं आणि नमुना एकाच तापमानाला असावे लागतात. उन्हात तापलेली बाटली आणि एसीतलं प्रमाण द्रावण एकत्र वापरलं तर आकडा घसरलाच.

स्फटिक पाण्यात विरघळत नाही हे इथे कामाला येतं. तो स्वतःच विरघळला असता तर त्याचंच फ्लोराइड पाण्यात मिसळलं असतं. अगदी सूक्ष्म प्रमाणात ते होतंच, म्हणून या इलेक्ट्रोडची खालची मर्यादा लिटरमागे मिलिग्रॅमच्या सुमारे पन्नासाव्या भागाइतकी आहे. पिण्याच्या पाण्यासाठी एवढं पुरून उरतं.

पण स्फटिक अर्धंच सत्य सांगतो

स्फटिक फक्त मोकळं फ्लोराइड ओळखतो. दुसऱ्या कुणी धरून ठेवलेलं फ्लोराइड त्याला दिसत नाही.

आणि फ्लोराइडला धरून ठेवण्यात अॅल्युमिनियमचा हात कोणी धरणार नाही. लोहसुद्धा हे करतं. समजा, एका लिटर पाण्यात एकूण २ मिलिग्रॅम फ्लोराइड आहे आणि त्यातलं निम्मं अॅल्युमिनियमने पकडून ठेवलं आहे. इलेक्ट्रोड तसाच बुडवला तर मीटर सांगेल १ मिलिग्रॅम. कागदावर पाणी पास. पिणाऱ्याच्या पोटात मात्र २ मिलिग्रॅम जातात.

यावर उपाय म्हणून मोजण्याआधी पाण्यात तेवढंच एक खास बफर द्रावण मिसळतात. प्रयोगशाळेत त्याला ‘टिसॅब’ म्हणतात. ते एकाच वेळी तीन कामं करतं. त्यातलं एक रसायन अॅल्युमिनियम आणि लोहाला स्वतःकडे ओढून फ्लोराइडची सुटका करतं. पाण्याचा पीएच ५ ते ५.५ च्या आसपास आणलं जातं, त्यामुळे मघाशी सांगितलेला भामटा, हायड्रॉक्साइड, जवळपास संपतो. पीएच याहून फार खाली नेला तर फ्लोराइड हायड्रोजनशी जोडलं जातं आणि पुन्हा अदृश्य होतं, म्हणून हाच मधला पट्टा. तिसरं काम म्हणजे सगळ्या नमुन्यांतलं एकूण क्षारांचं प्रमाण सारखं करणं, कारण क्षार कमीजास्त असले की त्याच फ्लोराइडचं रीडिंग बदलतं.

हायड्रॉक्साइडचा मुद्दा किरकोळ समजू नका. फ्लोराइड जास्त असलेलं भूजल बऱ्याचदा अल्कधर्मी असतं. म्हणजे नेमकं जिथे मोजायची गरज जास्त, तिथेच चुकायची शक्यताही जास्त.

नागपूर, तुरटी आणि नलगोंडा

अॅल्युमिनियमचा मुद्दा आपल्याकडे आणखी जवळचा आहे.

भारतात फ्लोरोसिसची नोंद १९३७ सालची. तेव्हाच्या मद्रास इलाख्यातल्या, आजच्या आंध्र प्रदेशातल्या गावांमधल्या रुग्णांवरून हा आजार पाण्यामुळे होत असल्याचं वैद्यकीय अभ्यासात मांडलं गेलं. पुढे अनेक राज्यांत तो सापडला. महाराष्ट्राचा बराचसा भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर वसलेला आहे, पण पूर्वेकडे आणि नांदेडच्या काही भागात ग्रॅनाइटसारखे जुने खडक येतात. अशा खडकांतल्या खनिजांमध्ये फ्लोराइड असतं आणि खोल बोअरच्या पाण्यात ते उतरतं. पाण्यात कॅल्शियम कमी असेल तर ते आणखी साठतं, कारण त्याला खाली बसवणारं कॅल्शियमच नसतं. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड ही नावं फ्लोराइडच्या चर्चेत वारंवार येतात ती यामुळे.

१९७० च्या दशकात नागपूरच्या नीरी या संस्थेने पाण्यातून फ्लोराइड काढायची एक स्वस्त पद्धत विकसित केली. पाण्यात चुना आणि तुरटी टाकायची, ढवळायचं, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी गाळून घ्यायचं. जंतूंसाठी ब्लीचिंग पावडर. घरात बादलीतही करता येईल अशी ही पद्धत. आज तेलंगणात असलेल्या नलगोंडा जिल्ह्यावरून तिला ‘नलगोंडा तंत्र’ म्हणतात.

तुरटी म्हणजे अॅल्युमिनियमचंच संयुग. फ्लोराइडला धरण्याच्या अॅल्युमिनियमच्या ज्या सवयीमुळे पाणी शुद्ध होतं, तीच सवय मोजताना फसवते. शुद्ध केलेल्या पाण्यात थोडं अॅल्युमिनियम विरघळलेलं राहिलं, तर त्याने धरलेलं फ्लोराइड बफरशिवाय दिसणार नाही. यंत्रणा छान चालली आहे असं वाटेल. तुरटीचं प्रमाण चुकलं तरी कळणार नाही. म्हणून फ्लोराइड काढायच्या यंत्रणेचं पाणी तपासताना बफर वगळणं ही साधी आळसाची गोष्ट राहत नाही. त्या एका आकड्यावर ‘हे पाणी प्या’ असं गावाला सांगितलं जातं.

इथे वेळेचाही प्रश्न आहे. मुलांचे कायमचे दात हिरड्यांच्या आत तयार होत असतात ती पहिली आठेक वर्षं. त्या काळात जास्त फ्लोराइड गेलं तर डाग उमटतात आणि ते घासून जात नाहीत. हाडांमध्ये साठलेल्या फ्लोराइडचं तसंच, आखडलेले सांधे पूर्ववत करणारं औषध नाही. अनेकदा वर्षानुवर्षं ती साधी संधिवाताची दुखणी म्हणून अंगावर काढली जातात. २००८-०९ पासून सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या फ्लोरोसिस प्रतिबंध कार्यक्रमात जिल्हा पातळीवर आयन मीटरची तरतूद आहे ती याचसाठी. त्यावर पाण्याबरोबर रुग्णाच्या लघवीतलं फ्लोराइडही मोजता येतं. त्या मीटरच्या टोकाला असतो तो हाच स्फटिक.

महाराष्ट्रात पाण्याचे नमुने भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांमध्ये तपासले जातात. तुमच्या गावाचा अहवाल हातात आला तर फ्लोराइडच्या रकान्यात आकडा आहे की नुसतं ‘योग्य’ लिहिलंय ते बघा. नमुना कुठल्या स्रोताचा आणि कुठल्या महिन्यातला, हेही बघा. एकाच गावात दोन बोअरच्या पाण्यात मोठा फरक असू शकतो.

बाकी हा स्फटिक कुठे भेटतो?

अतिनील किरणांपासून अवरक्त किरणांपर्यंत मोठ्या पट्ट्यात लँथेनम फ्लोराइड पारदर्शक आहे. त्यामुळे भिंगांवरच्या पातळ थरांमध्ये ते वापरतात. कॉम्प्युटरच्या चिप छापताना १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश लागतो. तिथे भिंगांवर लँथेनम फ्लोराइड आणि मॅग्नेशियम फ्लोराइड यांचे थर एकावर एक देतात.

झिर्कोनियम, बेरियम, लँथेनम, अॅल्युमिनियम आणि सोडियम यांच्या फ्लोराइडपासून ‘झेडब्लॅन’ नावाची काच बनते. १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या रेन शहरात ती सापडली. तिचे ऑप्टिकल फायबर अवरक्त प्रकाश उत्तम वाहून नेतात, पण पृथ्वीवर ओढताना त्यात बारीक स्फटिक तयार होतात. म्हणून आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात, जवळपास वजनरहित अवस्थेत, हे फायबर बनवायचे प्रयोग झाले आहेत.

रिकाम्या सीटचा खेळ बॅटरीतही चालतो. २०११ साली जर्मनीतल्या कार्ल्सरुहे इथल्या मुन्नंगी अंजी रेड्डी आणि मॅक्सिमिलियन फिक्टनर यांनी लिथियमऐवजी फ्लोराइड आयन इकडून तिकडे फिरवणारी, पुन्हा चार्ज होणारी बॅटरी दाखवली. मधला घन थर होता बेरियम मिसळलेल्या लँथेनम फ्लोराइडचा. अडचण एवढीच की ती चालवायला सुमारे १५० अंश तापमान लागत होतं. मोबाइलमध्ये येण्याची वाट बघू नका.

भावंडांचं थोडक्यात: लिथियम यट्रियम फ्लोराइडचे स्फटिक लेझरमध्ये वापरतात. सेरियम फ्लोराइडवर कण आदळला की ते चमकतं, म्हणून सर्नच्या सीएमएस प्रयोगासाठी त्याचा विचार झाला होता, पण निवड झाली लेड टंगस्टेटची.

आणि पाणी मोजणाऱ्या त्या चकतीची निगा? वापरून वापरून तिच्यावर थर बसतो, रीडिंग सुस्त होतं. अशा वेळी इलेक्ट्रोडच्या माहितीपुस्तिकांमध्ये सांगितलेला उपाय घरगुती आहे: फ्लोराइडवाली टूथपेस्ट घेऊन स्फटिक हलक्या हाताने घासा. नंतर मात्र भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर पुढचं रीडिंग टूथपेस्टचंच येईल.